सोशिक सुनेचं गाऱ्हाणं

लग्नानंतर मुंबईला निघाले तेव्हा आई एसटी स्टँडवर हमसाहमशी रडत होती आणि मी अजिबात रडले नाही. तोंडावरची पावडर ओघळेल म्हणून! मुंबईत उतरताच कुणी फोटो काढणार असल्यासारखी नटले होते. "वेळेर जेव गो," आई म्हणाली, आणि मी खिडकीच्या काचेत केस बघत "व्हय, व्हय" केलं. पहिल्याच घाटात ओकले. पावडरही गेली, ऐटही गेली.

उतरलो ते भांडुपच्या डोंगरावरच्या चाळीत. मी ह्यांना विचारलं, "हीच का मुंबई?" म्हणाले, "ही मागची बाजू." पुढची बाजू दाखवतो, दाखवतो म्हणत आयुष्य गेलं त्यांचं. मुलुंडला फ्लॅट झाला तरी ती दिसलीच नाही. दाखवली ती नातीने, रेवाने.

तुम्ही गावातल्यांनी रेवाला टीव्हीवर ओळखलंच असेल. संध्याकाळच्या मालिकेत चहाचा ट्रे घेऊन रडणारी सोशिक सून आमचीच. पण अंधेरीच्या सेटवरून सुटली की ही पोरगी साडी फेकते, जीन्स चढवते आणि आपल्या बँडबरोबर रॉक गाते, हे तुम्हाला कुठे ठाऊक? एकदा तालमीला गेले, तर गिटारच्या पहिल्याच दणक्यात माझी कवळी हलली.

गेल्या महिन्यात मुलुंडला त्यांचा शो होता. आदल्या दिवशी रेवा माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, ड्रमर म्हणतो, लोक तुला बघायला येतात, ऐकायला नाही. उद्या पण तसंच झालं ना, तर बँड बंद. मग मी नुसती रडतच राहणार." डोळ्यांत पाणी होतं, आणि ते ग्लिसरीनचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला खरा, पण मालिका बघणाऱ्यांनी. रेवा स्टेजवर येताच ओरडा सुरू. "अगं सूनबाई, पदर कुठाय?" "सासूला विचारून आलीस का गं?" पहिलं गाणं हशात बुडालं. दुसऱ्याला लोक स्टेजकडे पाठ करून सेल्फी काढत होते. ड्रमरने काठ्या मांडीवर ठेवल्या. झालं, वाट लागली म्हटलं.

रेवाने हात वर करून बँड थांबवला. माइक घट्ट धरला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बा देवा म्हाराजा..."

आता आपल्याकडे देवापुढे गाऱ्हाणं सुरू झालं की बसून कोण राहतं? हे गेल्यापासून गणपतीत ते मीच घालते. रेवा लहानपणी माझ्यामागे उभी राहून खिदळायची. मला वाटलं, पोरगी खरंच देवाला साकडं घालतेय. चपला काढल्या, हात जोडून उभी राहिले आणि गाऱ्हाण्याला सगळे ओ देतात तशी सवयीने ओरडले, "व्हय म्हाराजा!"

सेल्फी काढणारे वळले. शेजारची बाई माझ्याकडे बघतच राहिली.

"ह्यां चेडू रोज टीव्हीत रडता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून काही आवाज आले. भांडुपची आपली माणसं असणार.

"आज तेचो आवाज मोकळो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता अख्खा हॉल, मालवणी न कळणारेसुद्धा. त्या हाकेवरच ड्रम सुरू झाला, आणि रेवा गायली.

काय सांगू तुम्हाला! उधाणलेल्या दर्यासमोर पाय आपोआप मागे सरतात, पण नजर हलत नाही, तसं झालं. ज्या गळ्याला मी हळद-मध चाटवला, त्यात एवढं मावलं कुठे? मघाशी पदर विचारणारी बाई खुर्चीवर चढून नाचत होती. मी मात्र हात जोडूनच उभी. खाली घ्यायचं सुचलंच नाही.

बँड चालू राहिला. मालिकाही चालूच आहे. रडणं आता तिला जड जात नाही म्हणे.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगायचे, आमचं घर गावाला, इथे नुसते राहतो. आता तसं म्हणताना जीभ अडते. तुम्ही विचारता, गावी कधी येतेस? येईन की. पण परतीचं तिकीट काढून येईन. शनिवारी रेवाचा ठाण्याला शो आहे, आणि पहिला "व्हय म्हाराजा" माझा असतो.