इन्स्पेक्शनचे टायर

लढाई संपली आणि आमची तुकडी नगरच्या छावणीत आली. मी डिस्पॅच रायडर होतो. म्हणजे लष्करी डाक मोटारसायकलवरून एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याला पोचवणारा जवान. माझं घर केडगावला, छावणीतून सायकलवर जाता येईल इतकं जवळ. लोक म्हणायचे, नशीब काढलंस, घराशेजारी पोस्टिंग. मलाही तसंच वाटत होतं.

तुकडीचं नाव मी लिहीत नाही. साहेबांची नावंही लिहीत नाही. मला कुणाची नोकरी घालवायची नाही. एका माणसावरचा ठपका पुसायचा आहे, एवढंच. तो माणूस म्हणजे लान्स नाईक रंगनाथ शिरसाट, पाथर्डीकडच्या दुष्काळी भागातला, माझा जोडीदार रायडर. तो स्वतःच्या चुकीनं मेला असं सरकारदरबारी ठरलं आहे. हे खोटं आहे. कसं खोटं आहे ते सांगायचं तर तुम्हाला आधी मोटारसायकलचं चाक समजून घ्यावं लागेल. कंटाळा करू नका. माणूस त्या चाकापायी गेला.

आमच्या गाड्यांची चाकं तारांची. मधल्या हबपासून लोखंडी रिमपर्यंत स्पोक ताणलेले असतात आणि प्रत्येक स्पोकचं टोक रिमच्या आतल्या बाजूला निघतं. या टोकांवरच हवेची ट्यूब बसते. म्हणून मध्ये रबराची एक पट्टी घालतात. तिला आम्ही रिमपट्टी म्हणायचो. पट्टी नसेल तर टोकं ट्यूबला घासत राहतात. आज नाही तर उद्या भोक पडतंच. आणि एकदा टायर चढला की ही पट्टी दिसत नाही. बाहेरून चाक बघून ती आत आहे की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. चौकशीत तीन अधिकाऱ्यांना मी हेच सांगत होतो.

रंगनाथ टायर निवडायला लागला की स्टोअरचा हवालदार वैतागायचा. पुढच्या चाकाला उभ्या रेघांचा टायर, मागच्याला ठोकळ्यांचा, हे सगळ्यांनाच माहीत असतं. रंगनाथ त्यापुढं जायचा. टायर कडेला वाकवून अंगठ्यानं दाबायचा. उन्हात पडून कडक झालेला असला की बारीक भेगा उघडायच्या. तो टायर बाजूला.

हवालदार उत्तरेकडचा. तो म्हणायचा, "शिरसाट, शादी के लिए लड़की देख रहा है क्या?"

"लड़की पसंद नहीं आयी तो घर में झगडा, साब. टायर पसंद नहीं आया तो रोड पे."

बसवतानाही तसाच. आधी स्पोकवरून पाना फिरवायचा. ढिला स्पोक आवाजावरून कळतो. बाहेर आलेलं टोक कानशीनं घासायचा, मग रिमपट्टी सरळ ओढायची, मग पावडर मारलेली ट्यूब, तीही थोडी हवा भरून, म्हणजे चिमटत नाही. टायरची कडा व्हॉल्वच्या समोरच्या बाजूनं बसवायला सुरुवात आणि शेवट व्हॉल्वपाशी. बहुतेक काम हातानं आणि टाचेनं. टायर उचकटायची लोखंडी लिव्हर अगदी शेवटी. मी लिव्हर लवकर उचलली की शिव्या.

"ए केडगावकर, ठिव ती खाली. लिव्हर म्हंजी कोयता हाय. हात चुकला की कापलंच."

"तुला बरं माहीत कोयत्याचं."

"मला न्हाई तर कुनाला? तुमचं काय, तुमी पुना रोडवाले. ऊस फकस्त रसाच्या गुऱ्हाळात बघितलेला."

त्याचे आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जायचे. त्या वर्षी पाऊसच झाला नव्हता, त्यामुळं गावात माणूस उरलं नव्हतं. ते दोघं प्रवराकाठी कोल्हारजवळ उसाच्या फडावर होते, पाचटाच्या कोपीत, उसाच्या वाळक्या पानांच्या झोपडीत, राहत. मुलगा देशाच्या फौजेत आणि आईबाप पाचटाच्या कोपीत. यावर मी बोलायला लागलो की रंगनाथ म्हणायचा, "गप रे. भाषान नगं. चाक धर."

आता इन्स्पेक्शन. नागरिकांना वाटतं की तपासणी म्हणजे आहे ते बघणं. आमच्याकडं तपासणी म्हणजे नसलेलं दाखवणं. मोटारसायकलींसाठी नव्या टायरांचा एक सेट स्टोअरमध्ये वेगळा टांगलेला असायचा. त्याला सगळे उघडपणे इन्स्पेक्शनचे टायर म्हणायचे. मोठे साहेब यायच्या आधी ते गाड्यांवर चढायचे, कडांना बुटाचं काळं पॉलिश लागायचं. साहेब गेले की ते उतरवून पुन्हा खुंटीला, आणि रस्त्यावर धावायला जुने झिजलेले टायर परत. मी ज्या ज्या तुकडीत राहिलो तिथं हीच रीत होती. कुणाला यात वावगं वाटत नव्हतं. नवा टायर वापरला तर झिजेल, मग पुढच्या तपासणीला काय दाखवणार? असा हिशेब.

त्या थंडीत ब्रिगेडियर साहेबांची तपासणी आली. या खेपेला नव्या टायरांबरोबर नव्या रिमपट्ट्याही आल्या. मग जुन्या पट्ट्यांचं काय? त्या मळक्या, तुकडे जोडलेल्या. साहेबांच्या नजरेला पडू नयेत म्हणून बराकींच्या लाइनच्या मागं पालापाचोळ्याबरोबर जाळल्या. छावणी स्वच्छ झाली.

तपासणी उत्तम झाली. साहेबांनी गाड्यांच्या रांगेसमोरून चालत जाऊन मान डोलावली. दुपारनंतर हुकूम सुटला, इन्स्पेक्शनचे टायर उतरवा, संध्याकाळच्या रोल कॉलच्या, हजेरीच्या आत. मी त्या वेळी क्वार्टर गार्डला पहाऱ्यावर उभा होतो. रंगनाथ उंच आणि नीटनेटका, म्हणून त्याला ऑफिसर्स मेसमध्ये चहाचे ट्रे धरायला पाठवलं होतं. ज्याला चाक कळतं तो ट्रे धरून उभा, आणि चाकं खोलायला कोण? कुकहाऊसची आणि ऑफिसातली माणसं. त्यांची चूक मी म्हणत नाही. त्यांना सांगितलं होतं, "नया माल पूरा वापस." त्यांनी पूर्ण परत केला. टायर, ट्यूब आणि रिमपट्ट्या. पट्ट्या मोजून, सुतळीनं बांधून खुंटीला टांगल्या. नंतर मी स्वतःच्या डोळ्यांनी त्या तिथं पाहिल्या. जुन्या पट्ट्या तर जळालेल्या. म्हणजे त्या संध्याकाळी प्रत्येक गाडीचं चाक आतून उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनमाडची डाक होती. पाळी रंगनाथची. तो खुशीत होता, कारण वाट कोल्हारवरून जात होती. कँटीनमधून आईसाठी चहापत्ती आणि साबण घेतला होता. गाडी बाहेर काढली आणि मागच्या चाकाशी तो बसला.

"ह्ये कुनी बसवलंय? बघ. कडा एका अंगाला वर हाय, एका अंगाला आत."

मी पाहिलं. खरं होतं. टायर सरळ बसला नव्हता. आत पट्टी नाही हे आम्हाला दिसणं शक्य नव्हतं. पण चाक घाईनं चढवलंय हे दिसत होतं. आम्ही दोघं एम.टी.च्या, म्हणजे वाहन विभागाच्या, हवालदाराकडं गेलो.

"साब, पीछे का चक्का खोलना है."

"क्यों?"

"टायर ठीक नहीं बैठा."

हवालदारानं एम.टी.च्या साहेबांना फोन लावला. आम्ही समोर उभे. तिकडून काय आलं ते त्यानं रिसीव्हर ठेवून आम्हाला सांगितलं.

"साहब बोल रहे हैं, कल ही इन्स्पेक्शन पास हुआ है. गाड़ी फिट है."

मी म्हणालो, "साब, इन्स्पेक्शन दूसरे टायर पे पास हुआ था."

"तेरे को पूछा? डाक का टाइम है. निकलो."

काल दुसऱ्या टायरांवर पास झालेली गाडी आज या टायरांवर फिट. असा हा कारभार.

रंगनाथनं डाकेची थैली छातीवर बांधली. मी म्हणालो, "चाक खोलल्याशिवाय जाऊ नकोस. काय करतील ते करतील."

"हुकूम मोडला तर दंड कुनाला? तुला का मला?" गाडीला किक मारून तो म्हणाला, "हळू जातो. माय वाट बघत आसंल."

तो गेला.

तुकडीच्या कचेरीत, ऑर्डर्ली रूममध्ये, फोन वाजला तेव्हा दुपारच्या जेवणाचा बिगुल झाला नव्हता. मी तिथंच होतो. क्लार्कनं उचलला.

"हॅलो. हां. कुठं? कोल्हार? नंबर सांगा गाडीचा." त्यानं नंबर कागदावर उतरवला. "जवान कसा आहे?" पेन्सिल खाली ठेवली. "बरं. गाडी पाठवतो."

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

रिकव्हरीची लॉरी निघाली. मी न विचारता पाठीमागं चढलो. कुणी उतर म्हटलं नाही. कोल्हारला प्रवरेच्या पुलाच्या अलीकडं उसाच्या बैलगाड्यांची रांग थांबली होती. मोटारसायकल पुलाच्या दगडी कठड्याला आदळून आडवी पडली होती. रंगनाथला लोकांनी सावलीला ठेवलं होतं. डाकेची थैली तशीच छातीवर बांधलेली.

त्याची आई आमच्या आधी पोचली होती. फडावर बातमी गेली होती. ती रडत नव्हती. त्याच्या तोंडावरची माशी पदरानं हाकत होती. वडील, कारभारी शिरसाट, शेजारी उभे. त्यांच्या हातात कोयता तसाच होता, तो खाली ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं.

रांगेतल्या पहिल्या गाडीवाल्यानं सगळं पाहिलं होतं. मी त्याला विचारलं.

"समोरून येत व्हता," तो म्हणाला. "जोरात न्हाई. आमची बैलं बघून आनखीच धिमा झाला. तेवढ्यात मागलं चाक नाचाया लागलं. गडी दोन्ही पाय टेकवत व्हता हो. बैलांवर येऊ नये म्हनून त्यानं गाडी कठड्याकडं वढली. म्या बघितलं. त्यानं वढली."

गाडी लॉरीत चढवण्याआधी मी रस्त्यावरच मागचं चाक सोडवलं. आमचा मेकॅनिक म्हणाला, "इथं नको. वर्कशॉपला उघडू." वर्कशॉपला काय झालं असतं ते मला ठाऊक होतं. मी लिव्हर घातली. ट्यूब आतल्या बाजूनं, रिमकडून फाटली होती. स्पोकची टोकं उघडी. रिमपट्टी नव्हती. मेकॅनिकला दाखवलं. गाडीवाल्याला दाखवलं. कारभारींना दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

डाक दुसऱ्या रायडरनं नेली. दिवस मावळायच्या आत ती मनमाडला पोचली.

मग चौकशी बसली. तीन अधिकारी, हिरव्या कापडाचं टेबल. माझी साक्ष झाली.

"निघण्यापूर्वी गाडी तपासायची जबाबदारी कुणाची?"

"रायडरची, साहेब."

"मग?"

"रिमपट्टी टायर उतरवल्याशिवाय दिसत नाही, साहेब. आम्ही चाक उघडायची परवानगी मागितली होती."

"विचारलं तेवढंच सांग. त्याचे आईवडील त्या रस्त्यावर राहत होते?"

"होय, साहेब."

"म्हणजे त्याला पोचायची घाई होती."

"तो धिमा चालवत होता. गाडीवाल्यानं पाहिलंय. त्याला बोलवा, साहेब."

गाडीवाल्याला बोलावलं नाही. अडाणी ऊसतोड्या, त्याला काय कळतं, असं कुणीतरी बाहेर म्हणालं. ज्यानं बैलांच्या कासऱ्याला हात घालून आपल्या डोळ्यांनी माणूस मरताना पाहिला, त्याला कळत नाही. फोनवरून गाडी फिट ठरवणाऱ्याला कळतं. निकाल लागला, रायडरचा निष्काळजीपणा आणि अतिवेग. मी वर अर्ज केला. पुन्हा केला. काही दिवसांनी मलाच घरी पाठवलं. फौजेत त्याला 'सर्व्हिस नो लाँगर रिक्वायर्ड' म्हणतात. तुमच्या सेवेची आता गरज नाही. ठीक आहे. माझी मला गरज आहे.

तेव्हापासून आम्ही काही माजी जवान नगरच्या एस.टी. स्टँडवर पत्रकं वाटतो. मागणी एकच, ड्यूटीवर गेलेल्या प्रत्येकाचं मरण खरं सांगा. लोक पत्रक हातात घेतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "सीमेवर गेला का?" मी म्हणतो, कोल्हारच्या पुलावर गेला. मग ते पत्रक घडी करून खिशात ठेवतात. हुकूम तोच, वर्दी तीच, पण पुलावरच्या मरणाला हार नाही. वर ठपका. का? विचारा की तुमच्या पुढाऱ्यांना, ते सभेला येतील तेव्हा.

यंदा पंधरा ऑगस्टला मी रंगनाथच्या गावी गेलो. आदल्या दिवशी मुक्काम त्याच्या घरी. आईनं भाकरी वाढली आणि सरळ विचारलं.

"साहेबाचा मानूस आला व्हता. म्हन्ला, पोरगं जोरात चालवत व्हतं. खरं का?"

"खोटं. हळू चालवत होता. चाकात पट्टी घातली नव्हती. आम्ही चाक उघडू म्हटलं, उघडू दिलं नाही. आणि शेवटी त्यानं गाडी कठड्यावर घातली ती बैलं आणि माणसं वाचावीत म्हणून."

कारभारी भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितलं. सगळं, पहिल्यापासून.

सकाळी शाळेपुढं झेंडा चढला. सरपंच बोलले. मग गुरुजींनी लढाईत पडलेल्या गावच्या दोन जवानांची नावं वाचली आणि सगळ्यांना उभं राहून शांत राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. शांतता संपली, लोक खाली बसले. कारभारी बसले नाहीत.

"लान्स नाईक रंगनाथ कारभारी शिरसाट," ते मोठ्यानं म्हणाले. "कोल्हारच्या पुलावर. ड्यूटीवर. त्याची चूक नव्हती."

सरपंच जमिनीकडं बघू लागले. बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला, पण ती त्याची आई नव्हती. ती ताठ बसली होती. गुरुजींनी सरपंचांकडं पाहिलं, मग कारभारींकडं. मग त्यांनी सगळ्यांना पुन्हा उभं राहायला सांगितलं आणि नावं पहिल्यापासून वाचली. या वेळी तीन.