आईची मान आणि स्क्रीनची वायर

दादाने गाडी घेतली तेव्हा पुढच्या दोन्ही सीटांच्या हेडरेस्टमध्ये स्क्रीन बसवून घेतले. मागे बसलेल्या मुलांना कार्टून, आणि पाहुणा असला की त्याला दादाची मिजास. हेडरेस्टची उशी मऊ होती, हे मात्र खरं. मागे बसलं की आईला मळमळतं, म्हणून ती कायम पुढे. रोह्याहून पेणला मामाकडे जाताना डोकं टेकून छान झोपायची.

आमचा गणपती पेणहून येतो, आणि तो कुणाच्या मांडीवर बसत नाही. ड्रायव्हरशेजारची सीट त्याची. मूर्तीची प्रभावळ अडकते म्हणून त्या सीटचं हेडरेस्ट काढायचं आणि एकाने मागून मूर्तीला धरून बसायचं, ही वडिलांपासूनची पद्धत. दोन वर्षांपूर्वी दादाने ते काढलं, स्क्रीनची वायर सोडवली आणि मूर्ती घरी आल्यावर हेडरेस्ट कपाटावर ठेवून दिलं. मी म्हटलं, परत लाव.

"विसर्जनाला पुन्हा काढायचंच हाय," तो म्हणाला. "सारखी ओढाओढ केली तर वायर तुटंल."

पूजेच्या दुसऱ्या दिवशी तो आईला मामाच्या गणपतीला घेऊन निघाला. नागोठण्याजवळ गुरं आडवी आली, त्याने ब्रेक मारला आणि मागचा टेम्पो येऊन धडकला. धक्का तसा किरकोळ, बंपरला जेमतेम पोचा आला. आईचं डोकं मात्र मागे फेकलं गेलं आणि ते अडवायला मागे काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हेडरेस्ट नुसतं आरामाला नसतं, अशा वेळी मान वाचवायला असतं. दादा तिथेच उभा होता. घरी येऊन त्याने सगळ्यांना बंपरचा पोचा दाखवला.

आईला अजून दोरीवर कपडे वाळत घालता येत नाहीत. हाक मारली तर ती अख्खी वळते. मी माझा राग वर्षभर निवू दिला नाही. गाडी शिकले तीही त्याच रागाने.

गेल्या वर्षी गणपती आणायला मी चालवणार, असं जाहीर केलं. दादा मागे बसायला गेला, तर मागच्या सीटवर मी नारळांची टोपली, पाट, ताम्हण आणि चादरी रचून ठेवल्या होत्या. पुढचं हेडरेस्ट सकाळीच काढून माळ्यावर टाकलं होतं. तो त्या सीटवर बसला. माझ्या पाठीमागचा स्क्रीन मी मुद्दाम चालू ठेवला होता, त्यावरचं कार्टून नारळ बघत होते.

नागोठण्यापाशी मागे एक टेम्पो लागला. मी वेग कमी केला, मग आणखी कमी केला. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. दादाने दोन्ही हात मानेमागे नेले.

"पुढं काढ गो गाडी. मागं टेम्पो हाय."

"दिसतोय मला."

"ठोकंल तो."

"बंपरला पोचा येईल, दुसरं काय."

पेणपर्यंत त्याने हात खाली घेतले नाहीत. मला बरं वाटलं, खूप बरं वाटलं. ते लपवायची मला गरज वाटत नाही.

येताना मूर्ती पुढे बसली आणि मागचं सामान बाजूला सारून दादा मागून तिला धरून होता. घरी पोचल्यावर तो मूर्ती हातात घेऊन दारात उभा राहिला. आई ओवाळायला आली. दादा उंच, त्यात मूर्ती छातीशी धरलेली. देवाचं तोंड दिसावं म्हणून आई मागे मागे सरकत गेली, कारण मान वर होत नव्हती. हे घरात आम्ही सगळे रोज बघत होतो. त्याने त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"मान दुखते काय गो आये?"

मला वाटलं, आता ती लेकाला सांभाळून घेणार.

"व्हय," आई म्हणाली. "रोज दुखते."

दादा मूर्ती धरूनच गुडघ्यांत वाकत गेला, देवाचं तोंड आईच्या नजरेसमोर येईपर्यंत. मी बाजूलाच होते. मूर्ती घ्यायला मी हात पुढे केला नाही.