वायर येईल तेव्हा नारळ

भोंगवलीत आमच्या घराला मीटर नव्हता. शेजारच्या तात्यांच्या खिडकीतून एक वायर आमच्याकडे यायची, तिच्यावर एक बल्ब. त्यांनी झोपताना बटण बंद केलं की आमचाही उजेड गेला. एकदा तात्यांच्या सुनेशी आईचं नळावर वाजलं आणि वायरच निघाली. दहावीचा पुढचा अभ्यास मी चिमणीवर केला. पुढे इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सगळ्यांना सांगते. का नाही सांगायचं?

आता भोरच्या एका शोरूममध्ये इलेक्ट्रिक गाड्यांची डिलिव्हरी माझ्याकडे आहे. म्हणजे गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची, बटणं समजावायची, फोटो काढायचे.

त्या दिवशी पालीच्या सुमनताई आल्या. राजगडाखाली ट्रेकर लोकांना पिठलं-भाकरी खाऊ घालतात. गाडी त्यांच्याच नावावर, चालवणारही त्याच. दुसऱ्या दिवसापासून नसरापूरहून पाहुण्यांची ने-आण ठरलेली. टेम्पो भरून माणसं आणली होती. हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, ओवाळलं. हातात नारळ घेतला आणि डिकी उघडली.

"वायर कुठंय गं?"

बुकिंगच्या वेळी गाडीबरोबर चार्जिंगची केबल मिळणार होती. मधल्या काळात कंपनीनं ती द्यायचं बंद केलं. शहरात लोकांच्या पार्किंगमध्ये भिंतीवर चार्जर असतो, केबल डिकीत पडून राहते, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं. पण ताईंनी पालीत गीझरला असतो तसला मोठा सॉकेट अर्थिंगसकट बसवून घेतला होता. सॉकेट तयार, गाडी तयार, मधली केबल नाही. वेगळी मागवली तर आठवडा.

मॅनेजर सर आले. "ताई, बैल विकत घेतला तर सोबत वैरण देतं का कुणी?"

"वैरण माझी मी घालीन की! बैलाला तोंड तरी द्याल का न्हाई?"

बाया फिदीफिदी हसल्या. ताईंचे सासरे म्हणाले, "मोबाईलसंगं चार्जर द्यायचा बंद केला तवा आमी गप बसलो. म्हनून ह्यांची भीड चेपली."

ताईंनी नारळ पिशवीत टाकला. "वायर येईल तवा फोडू." आणि सोफ्यावर बसून भाकरीचं फडकं सोडलं.

आमची पंचाईत अशी, की डिलिव्हरीची जागा एकच. नारळ फुटल्याशिवाय ताईंची गाडी हलणार नाही, ती हलल्याशिवाय मागची पुढे येणार नाही. मागे हिर्डोशीचे एक गुरुजी हार घेऊन उभे होते. सर त्यांच्याकडे आशेनं बघायला लागले. गुरुजींनी विचारलं, "म्हणजे मलापण केबल नाही?" आणि त्यांचाही नारळ पिशवीत गेला.

मी म्हणाले, "सर, डेमो गाडीची केबल देऊ." डेमो म्हणजे लोकांना चालवून बघायला ठेवलेली गाडी.

"मग डेमो कशावर चार्ज करणार?"

"आपल्या भिंतीवर चार्जर आहे की. ती केबल डिकीत पडूनच असते."

कंपनीचंच वाक्य होतं. सर हसले. "आणा. वरती मी बोलतो."

मी शोरूमच्या सॉकेटला केबल लावून दाखवली. हिरवा दिवा लागला तशी ताईंनी जागेवरच एका दणक्यात नारळ फोडला. आमच्या टाइल्सवर! सरांनी खोबरं मागून घेतलं. सरांनी वरती बोलून गुरुजींची केबल संध्याकाळी पुण्याच्या गोदामातून आणवली, मग त्यांचाही फुटला.

तेव्हापासून आम्ही बुकिंगलाच विचारतो, घरी भिंतीवर चार्जर आहे का? नसेल त्याला गाडीबरोबर मिळते, वेगळे पैसे नाहीत. नियम करणाऱ्यानं फक्त स्वतःचं पार्किंग बघू नये, एवढंच मी यातून शिकले.

परवा ताई भाचीच्या लग्नाहून परतताना भोंगवलीला आमच्या घरी थांबल्या. चार्जिंग कमी होतं. त्यांनी डिकीतून केबल काढली आणि पडवीतल्या सॉकेटला लावली. बघायला तात्यांची सूनही आली. आई त्या वायरीकडे बघत राहिली.

"आता आपल्या घरातनं वायर भाईर जाती व्हय!" म्हणाली, आणि सगळ्यांना चहा टाकला. सुनेलाही.

मीटर आईच्या नावावर आहे.