बाराव्या दिवसाचा गूळ

पडदा वर जातो तेव्हा डाळजच्या एका घराची ओसरी दिसते. आढ्याला तराजू टांगलेला. एका पारड्यात बारा दिवसांचं मूल, दुसऱ्यात गुळाचे खडे. भोवती बायका, आणि खांबाशी वही घेऊन उभी रतन. साल एकोणीसशे छप्पन, दिवाळीची सुट्टी.

रतन पिंपळीच्या महिपतीची मुलगी. कालव्याच्या पाण्यावर वांगी-मिरच्या पिकवणाऱ्या घरातली. पुण्यात डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होती आणि माझ्याकडे, तिच्या मावशीकडे, राहायची. मी तेव्हा नाटक कंपनीत कामं करत असे. तिचे एक सर तान्ह्या मुलांच्या वजनांवर संशोधन करत होते. इस्पितळातल्या मुलांचे आकडे त्यांच्याकडे होते. खेड्यात घरी जन्मलेल्यांचे कुणाकडेच नव्हते. "मी आणते," असं रतन भर वर्गात म्हणाली.

पण तान्ह्याचं वजन केलं की दृष्ट लागते, म्हणून बायकांनी तिला उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. वाट काढली सुईण साखरबाईंनी. "वजन म्हनू नगंस. नवसाची गूळतुला म्हन. देवाच्या कामाला कोन न्हाय म्हनतंय?" मग बारशाला साखरबाई गूळतुला करवीत, तो गूळ रामहरी वाणी तोलून देई आणि आकडा पोस्टकार्डावर पुण्याला येई.

चार महिन्यांत तेवीस मुलं झाली. शहरातल्या मुलांपेक्षा चांगली अर्ध्या शेराने जड! सर हरखले. जानेवारीच्या परिषदेसाठी निबंध तयार झाला, त्यावर रतनचंही नाव. पहिल्या वर्षाच्या मुलीचं! महिपतीने ते बारामतीच्या बाजारात सगळ्यांना सांगून टाकलं.

डाळजला मी हौसेने तिच्याबरोबर गेले होते. गूळतुला ती स्वतः पहिल्यांदाच पाहत होती. दोन्ही पारडी सारखी झाली, तरी मुलाच्या आजीने, फुलाबाईंनी, आणखी दोन मोठे खडे टाकले. गुळाचं पारडं खाली टेकलं.

"आजी, बरोबर झालं होतं की!"

"व्हय. पन देवाला बरोबर देत्यात का गं? द्यायचं ते टेकवून!"

"डाक्टरीनबाई लई चिकट हाय," कुणीतरी म्हणालं. बायका हसल्या. रतन हसली नाही.

"साखरमावशी, सगळीकडं असंच?"

"मंग! वडगावात सर्जेरावानं तर शेरभर वर घातला. पयला नातू व्हता."

परतीच्या गाडीत ती वहीतले तेवीस आकडे पुन्हा वाचत होती. कुणी खोटं बोललं नव्हतं, आणि आकडे मात्र सगळे चुकले होते. मी म्हटलं, "अगं, थोडं इकडंतिकडं चालतं. आम्ही नाही का पुठ्ठ्याचा मुकुट सोन्याचा म्हणून मिरवत?"

"मावशी, तिथं बघणाऱ्याला ठाऊक असतं."

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली. मी बाहेर बाकावर बसले. विंगेत उभं राहून ऐकायला सरावलेले कान माझे.

"निबंध छापायला गेलाय," सर म्हणाले. "मागे घेतला तर तुमचं नाव जाईल. पुन्हा अशी संधी येईलच असं नाही. आणि नवे आकडे आणणार कुठून?"

रतनचा आवाज चढला नाही, पडलाही नाही.

"पारडी सारखी झाली की आधी मी तेवढा गूळ तोलून लिहून घेईन, देवाचं वरचं त्यानंतर. निबंध मागं घ्या, सर. पोरं काय, आमच्याकडं रोज होतात."