रेंज नसलेल्या दरीतून निघालेला ठिपका

आमचं घर बौद्ध. भूतखेत, अंगात येणं असल्या गोष्टींना आमच्यात थारा नाही, त्यात मी शाळेत विज्ञान शिकवते. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण हॉलभर माणसांनी पाहिलंय, म्हणून लिहिते.

माझा धाकटा भाऊ सिद्धार्थ कोल्हापुरातल्या एका ट्रेकिंग ग्रुपमध्ये होता. गगनबावड्याकडच्या जंगलात चार दिवस जायचं ठरलं, तेव्हा संकटात कळवायला कुठलं यंत्र घ्यायचं यावरून त्याचा आणि लीडर विक्रांतचा वाद झाला. सिद्धूचं म्हणणं, थेट उपग्रहावरून निरोप पाठवणारंच घ्यायचं. सरकारी परवानगी लागते, तर काढू. विक्रांतला तेवढा धीर कुठला? त्यानं सिमकार्डवर चालणारे ट्रॅकर आणले आणि "सॅटेलाईटचंच हाय, बिनधास्त चला" म्हणत प्रत्येकाच्या गळ्यात अडकवले.

सिद्धू दरीत पडला. दोन दिवसांनी सापडला, तो गेलेलाच. त्याला वर काढणारे गावकरी मला म्हणाले, "बाई, त्येचा अंगठा त्या यंत्राच्या लाल बटणावरच हुता." पण त्या दरीत मोबाईलची रेंजच नाही, निरोप जाणार कसा? विक्रांत मात्र सगळ्यांना सांगत सुटला — "त्यानं बटण दाबलंच न्हाई. न सांगता एकटाच गेलता."

वर्षभर मी एकच धरून बसले. ह्याला चारचौघांत उघडा पाडायचा.

मग त्यानं कळंब्याच्या एका हॉलमध्ये नव्या ट्रेकची माहिती ठेवली. सकाळचे अकरा. सिद्धूचा फुटका ट्रॅकर — बॅटरी, सिम दोन्ही काढलेला — पर्समध्ये घालून मी मागं बसले. विक्रांत पडद्यावर नकाशा दाखवत होता. टेबलावरच्या पाच ट्रॅकरचे पाच ठिपके. तेवढ्यात सहावा उमटला. त्या दरीत. खाली नाव — सिद्धार्थ.

"जुनं हाय, काढायचं राहिलंय," विक्रांत हसला. त्यानं नाव पुसलं. ते परत आलं. आणि ठिपका हलला... डोंगर, नदी, उसाची रानं, कशालाही वळसा न घालता सरळ रेषेत.

पुढच्या रांगेतले एक काका ओरडले, "पावणं, हे इकडंच यायला लागलंय की!"

मी बोलायला आले होते. आता मनात एकच... ये रे, ये.

ठिपका कळंबा तलावापाशी पोचला आणि विक्रांत किंचाळला. "दाबलंतं त्यानं बटण! त्याला वर काढताना मी बघितलंतं! सिमवर चालतंय हे मला म्हाईत हुतं... मी खोटं बोललो!"

ठिपका हॉलच्या दारात थांबला. दार सताड उघडं होतं. बाहेर ऊन, लावलेल्या गाड्या... माणूस एक नाही.

जाणकारांना विचारून झालं. सिद्धूचं सिम तर मी तेव्हाच बंद करून घेतलं होतं.

गेल्या आठवड्यात विक्रांत शाळेच्या फाटकाशी आला. पार वाळलेला. "ताई, सांगलीला ऱ्हायला गेलो, तर तिथंबी आला. रोज फोनवर दिसतोय. त्याला थांबायला सांगा की."

तो सिद्धूच आहे का, देव जाणे म्हणायचीही मला सोय नाही. पण विक्रांतच्या डोळ्यांत बघून मी म्हटलं, "न्हाई सांगणार."

घंटा झाली. मी वर्गावर गेले.