मधली वीस मिनिटं

रविवार, १२ मार्च. सकाळपासून ढगाळ. गॅसचा सिलिंडर आला. बैठकीच्या खोलीचे दोन्ही पडदे धुतले. दुपारी चार वाजता क्लब, हजर अठरा माणसं. धाकटी बोलली. टाळ्या पडल्या.

‘टाळ्या पडल्या’ लिहिताना ताईंचं पेन कागदावर जरा जास्तच रुतलं. त्यांनी पान उलटून पाहिलं, तर मागच्या बाजूलाही अक्षर उमटलं होतं.

धाकटी म्हणजे त्यांची सख्खी बहीण, आठ वर्षांनी लहान. जन्मभर कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होती. लग्न केलं नाही. निवृत्त झाली तशी तीन वर्षांपूर्वी दोन बॅगा आणि एक शिवणयंत्र घेऊन ताईंकडे राहायला आली. ताईंचे यजमान जाऊन अकरा वर्षं झालेली, घरात जागा होती. दोघींचं तसं बरं चाललं होतं. भांडण झालंच तर खिडकी उघडी ठेवायची की बंद, एवढ्यावरून. मग मध्ये सिनेमा आला.

‘दीपगृहाचे पाहुणे’ हा सिनेमा सेहेचाळीस वर्षांपूर्वी लागला आणि आठव्या दिवशी उतरला. बेटावरचं दीपगृह, तिथला म्हातारा दिवेवाला, त्याची मुलगी आणि वादळात अडकलेले तीन पाहुणे. वादळ सरळसरळ टपात केलेलं. एके ठिकाणी तर खेळण्यातली होडी हलवणारा हात पडद्यावर स्वच्छ दिसतो, मनगटावरच्या घड्याळासकट. तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या. आता त्याच हातावर लोक जीव टाकतात.

हे लोक दर रविवारी चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत जमत. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे चष्मेवाले म्हणत, तेच क्लबचे सर्वेसर्वा. पडलेले जुने सिनेमे शोधून काढायचे आणि लावायचे, हा त्यांचा नाद. त्यातही ‘पाहुणे’ म्हणजे सगळ्यांचा गळ्यातला ताईत. क्लबमधल्या एका नर्सबाईंनी तो घड्याळवाला हात आपल्या पिशवीवर रंगवून घेतला होता. पडद्यावर हात आला की खोलीतले सगळे आपापला हात वर करत. म्हाताऱ्याचं एक पालुपद होतं, येईल त्याला तेच विचारायचा; तो तोंड उघडायच्या आत सगळे एका सुरात ओरडत, “जेवलात का, की समुद्र बघूनच पोट भरलं?”

आपल्या स्वयंपाकघरात परक्यांनी शिरून डबे उघडून बघावेत, तसं ताईंना व्हायचं. तो हात त्यांनी पहिल्याच शनिवारी पाहिला होता आणि त्याच संध्याकाळी लिहूनही ठेवला होता. सेहेचाळीस वर्षं त्या एकट्याच या सिनेमाच्या होत्या. कुणाजवळ विषय काढला तर उत्तर यायचं, “कुठला? तो टपातला?” आणि आता जग त्यांच्या बाजूला आलं, तर पुढच्या रांगेत बसली धाकटी.

चूक ताईंचीच. सोबत म्हणून पहिल्या दिवशी त्यांनीच तिला नेलं. चष्मेवाल्यांनी विचारलं, “थिएटरात पाहिलेलं कुणी आहे का?” ताई चष्मा काढून डबीत ठेवून उठेपर्यंत धाकटी उभीसुद्धा राहिली होती. “आम्ही! पहिल्याच शनिवारी!”

तेव्हापासून ती क्लबची लाडकी मावशी झाली. क्लबजवळची प्रत टीव्हीवरून कुणीतरी उतरवून घेतलेली, मधली वीस मिनिटं पार गेलेली. तिथे नुसत्या मुंग्या दिसत. मग सगळे म्हणत, मावशी, सांगा. मावशी सांगायची.

“अहो, मधे काय होणार? म्हातारा त्या तिघांना जिना चढायला लावतो. वर, खाली, वर, खाली. बघून बघून माझे गुडघे तेव्हा जे धरले, ते अजून सुटले नाहीत.”

खोली हसून लोटपोट. बारा तारखेच्या टाळ्या पडल्या त्या या गुडघ्यांना.

घरी येताना ताई चार पावलं पुढेच चालल्या होत्या.

“तू झोपली होतीस,” त्या वळून न बघता म्हणाल्या.

“थोडीशी.”

“थोडीशी? माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होतीस. माझा हात बधिर झाला होता.”

“मग काय, घोरण्याची कथा सांगू त्यांना? ताई, चार माणसं हसली. तुझं काय गेलं?”

काय गेलं ते सांगता आलं असतं, तर ताई चार पावलं पुढे कशाला चालल्या असत्या?

निघताना चष्मेवाल्यांनी एक बातमी दिली होती. एका संग्राहकाकडे सिनेमाची अख्खी प्रत सापडली होती, साफसूफ करून पंधरा दिवसांनी येणार होती. “आधी कुणीतरी उभं राहून सांगायचं, मधल्या वीस मिनिटांत काय आहे. मग आपण बघायचं.” सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं होतं. ताईंनी त्याच क्षणी ठरवलं, उभी मी राहणार.

त्या वर्षाची डायरी कपाटात होतीच. मिशनच्या शाळेत शिकताना सिस्टरनी लावलेली सवय, आधी पाहिलं ते लिहा, वाटलं ते मागाहून. चार पानं भरली होती. वादळ वाढतं. म्हातारा दिवा सांभाळायला वर जातो. लाट येते. पाण्यावर नुसती टोपी तरंगते. त्याच्या पुढच्याच दृश्यात मुलगी आणि पाहुणे जेवायला बसलेत, दार उघडतं, म्हातारा आत येतो, कोरडी टोपी खुंटीला अडकवतो आणि खुर्ची ओढून बसतो. कुणी चकार शब्द विचारत नाही. मग तो नेहमीसारखंच म्हणतो, जेवलात का.

शेवटी यजमानांचं बोलणं लिहिलेलं होतं. बाहेर पडताना ते म्हणाले होते, “मेलेला माणूस घरी जेवायला आला, यात एवढं काय? भूक लागली असेल.”

या एका दृश्यासाठी ताईंनी तो सिनेमा जपला होता. यजमान गेल्यावर कितीतरी महिने संध्याकाळी पानं घेताना त्या समोरची खुर्ची टेबलापासून वीतभर ओढून ठेवत. हे मात्र त्यांनी कुठे लिहिलं नव्हतं.

सव्वीस तारखेला क्लबमध्ये धाकटी उभी राहायच्या आत ताई उभ्या राहिल्या. डायरी हातात धरून त्यांनी सगळं वाचून दाखवलं, यजमानांचं वाक्य तेवढं वगळून. खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. नर्सबाईंनी पदर नाही म्हणून पिशवीनेच डोळे टिपले.

“मेलेला येतो आणि कुणी काही विचारत नाही!” चष्मेवाले म्हणाले. “वा! काय धाडस आहे!”

ताईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून धाकटीकडे पाहिलं. ती पर्सच्या पट्ट्याचा दोरा तोडत बसली होती. तिचा चेहरा जरासुद्धा पडलेला नव्हता. निदान तेवढं तरी सुख मिळायला हवं होतं.

सिनेमा सुरू झाला. हात आला, हात वर झाले. मग ती वीस मिनिटं आली. आणि आधी आलं जेवण. म्हातारा आत येतो, टोपी अडकवतो, बसतो, बोलतो. अगदी धडधाकट, जिवंत. मग वादळ, मग लाट, मग टोपी. आणि पुढच्या दृश्यात मुलगी एकटीच दिवा लावते. म्हातारा परत काही येत नाही.

दिवे लागले. कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, “आजींनी घरी बसून नवाच सिनेमा काढला की!” हशा पिकला. ताई डायरीकडे बघत राहिल्या. अक्षर त्यांचंच होतं, स्वच्छ, खाडाखोड नसलेलं.

तेवढ्यात धाकटी उभी राहिली.

“हसू नका. ती पाहिलं तेच लिहिते, मनचं घालायची तिची टाप नाही. आमच्या थिएटरात असाच लागला होता. ऑपरेटरने डबे उलटे लावले, सहावं रीळ आधी, पाचवं नंतर. शिट्ट्यांनी मी जागी झाले. हो, झोपले होते मी! जिने न् गुडघे सगळं माझ्या डोक्यातलं.”

खोली नुसती दणाणली. नर्सबाई उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या. ताईंच्या मनात आलं, धन्य आहे बाईची. आम्ही खरं वाचलं तर हशा, आणि हिने थाप कबूल केली तर टाळ्या.

“पुढच्या रविवारी,” चष्मेवाले दोन्ही हात वर करून म्हणाले, “ताईंच्या क्रमाने लावायचा! आणि आधी ताई बोलणार!”

घरी आल्यावर ताईंनी चहा ठेवला. कप पुढे करताना त्यांनी विचारलं, “डबे उलटे लागले, हे तुला कुणी सांगितलं?”

धाकटीने चहावर फुंकर घातली. मग पुन्हा घातली.

“भावजींनी ऑपरेटरला विचारलं होतं ना. जिन्यापाशी. डब्यांवरचे नंबर पुसले गेले होते म्हणाला.”

“मी कुठे होते?”

“तोंड धुवायला गेली होतीस. रडून नाक लाल झालं होतं तुझं.” धाकटी खाली बघून म्हणाली, “भावजी म्हणाले, तिला सांगू नकोस. तिला असाच आवडलाय, असाच राहू दे.”

माणूस आपला, वाक्य आपल्याविषयीचं, आणि सेहेचाळीस वर्षं ते राहिलं हिच्यापाशी! पस्तीस वर्षं रोज समोर बसून जेवला, एकदासुद्धा ओठांवर येऊ दिलं नाही. आणि जिन्यात हिला, जांभया देणाऱ्या पोरीला, सांगून मोकळा झाला. मग लिहिलेलं ते भुकेचं वाक्य आठवलं. बोलला तेव्हा त्याला सगळं माहीत होतं तर.

“आणखी काय म्हणाले?”

“काही नाही गं.”

“आठव.”

“ताई, एवढंच. देवाशपथ.”

“पुढच्या रविवारी तू मागच्या रांगेत बसायचंस. आणि बोलायचं नाही.”

“बरं. पण भावजींचं सांगशील ना तू? लोकांना फार आवडेल.”

“मुळीच नाही. आणि तूही कुणाला सांगायचं नाहीस.”

“मी कशाला सांगू? सेहेचाळीस वर्षं नाही सांगितलं.”

“तेच तर म्हणतेय मी!” ताई ओरडल्या, आणि कप इतक्या जोरात ठेवला की बशीत चहा सांडला. धाकटीने फडकं आणून निमूटपणे पुसलं. ताईंनी तिला पुसू दिलं. मग, तिच्याकडे न बघता, त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं. भावजी जसे म्हणाले तसंच, त्याच शब्दांत.

संध्याकाळी डायरीत लिहिलं: रविवार, २६ मार्च. ऊन. क्लबला हजर तेवीस. मोरीचा नळ पुन्हा गळतो आहे, प्लंबरला मंगळवारी सकाळी बोलावलं.