सहावं घर

ओल्या चंदनात बंदुकीच्या तेलाचा वास मिसळला की मला कुंभकोणमच्या घरातली ती आयुधपूजा आठवते. पाटावर कोयता, विळी, कात्री आणि मधोमध आजोबांचं जुनं लष्करी रिव्हॉल्व्हर. सगळ्यांना गंध-कुंकू लागायचं. ‘गोळी झाडली की ते साफ केल्याशिवाय तुझे आजोबा पानावर बसायचे नाहीत,’ असं अप्पा दर वर्षी सांगायचे. त्या वर्षी तिरुविडैमरुदूरहून त्यांचे एक स्नेही आले होते, त्यांना जुनी शस्त्रं जमवण्याचा नाद. त्यांनी नळी खाली झुकवून रिव्हॉल्व्हर उघडलं, गोळ्यांचं चक्र खिडकीच्या उजेडात धरलं, कौतुकानं त्यावरचा कारखान्याचा एकेक छाप वाचला आणि मध्येच थांबले. ‘पाच घरं लख्ख आहेत. सहाव्याचं लोखंड मात्र जळक्या दारूनं खाल्लंय. शेवटच्या गोळीनंतर हे कुणी साफच केलेलं नाही.’ आजोबा तापानं गेले, असंच आम्हांला सांगितलेलं होतं. ‘ताप फार होता त्यांना,’ अप्पा म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं. स्नेह्यांनी रिव्हॉल्व्हर हलकेच मिटून पाटावर ठेवलं, आणि अप्पांनी त्याला गंध लावलं. आता अप्पा नाहीत, पूजेआधी रिव्हॉल्व्हर मीच पुसते. पाच घरं पुसते आणि मिटून ठेवते.